वहीतली बस सुटतच नाही

‘ताई, सहा वर्षांचं नातं फेब्रुवारीत संपलं. वाकडेवाडी स्टँडवर मला नाशिकच्या बसला सोडायला आला आणि म्हणाला, घरचे तयार नाहीत, मी त्यांच्याविरुद्ध जाऊ शकत नाही. गेले चार महिने रोज रात्री मी आमची गोष्ट लिहितेय. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. मैत्रीण म्हणते, लिहिल्याने मन मोकळं होतं, फेसबुकवर टाक, बाकीच्या मुलींना उपयोग होईल. पण लिहून झालं की मला झोपच येत नाही. मी बरी होतेय की खपली काढतेय? – म., वय २८, पुणे’

प्रिय म.,

वहीतली जी सात पानं तू सोबत पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. लिहितेस छान. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जरा टोचणारं बोलणार आहे. त्याच्या खिशावरचा निळ्या शाईचा डाग, कंडक्टरच्या ‘संगमनेर, सिन्नर, नाशिक’ अशा हाका, पाण्याच्या बाटलीचं झाकण तो सारखं उघडत-लावत होता ते, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग मी पेन्सिल घेऊन त्याची वाक्यं मोजली. अकरा. तुझं? एकही नाही. ‘मी सुन्न झाले’ एवढंच, आणि तेही तीनदा.

मला माझ्या आत्याची आठवण झाली. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी पंचविशीत होते, आणि पुढे दोन वर्षं ती कहाणी भेटेल त्याला ऐकवत होते. इतकी घोटलेली की कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं बसलेलं. साताऱ्याला आत्याकडे गेले तेव्हा ती ताटात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘त्याचं कळलं गं. तू काय म्हणालीस तेव्हा?’ मला उत्तरच येईना. म्हणाले तर बरंच काही होते. त्यातलं काही आजही सांगवत नाही. ते सगळं मी कहाणीतून खड्यांसारखं वेचून बाहेर टाकलेलं होतं.

आता तुझा प्रश्न. मैत्रीण खोटं सांगत नाही. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं, पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. चार दिवस, बाई! तुझे चार महिने झाले. त्याच्याच पुढच्या कामात असं दिसलं की ज्यांना फायदा होतो त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत जातात. तुझ्या सात पानांत ‘कारण’ एकदाच आहे, आणि तोही त्याच्या तोंडी.

मैत्रिणीला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांना असंच लिहायला बसवलं. तो अभ्यास २०१३ साली आला. ज्यांचा स्वभावच एक विचार उगाळत बसण्याचा, त्यांना भावना ओतून लिहिण्याने उलट जास्त त्रास झाला. त्याच स्वभावाच्या ज्यांना नुसतं ‘दिवस कसा गेला’ एवढं कोरडं लिहायला दिलं होतं, ते महिन्यांनंतर अधिक सावरलेले दिसले. रोज रात्री तोच फलाट लिहिणारी तू कोणत्या गटातली, ते मी सांगायला नको.

म्हणून वही फेकू नकोस, पण रात्रीचं लिहिणं आजपासून बंद. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बस, मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लाव, गजर झाला की अर्धं वाक्य तसंच सोडून ऊठ आणि भाजी आणायला जा. स्टँड लिहायचा नाही. सहा वर्षांतला एखादा पडेल मंगळवार लिही, ज्या दिवशी काहीच घडलं नाही, तुम्ही दोघं वडापाव खात गॅसच्या नंबरवरून भांडलात असा. एकदा स्वतःला ‘ती’ म्हणून लिही. ‘तिला दोन वर्षांपासून माहीत होतं की तो घरी विषय काढत नाहीये’ असं काही लिहिलं गेलं तर खोडू नकोस. तसं नसेलही. पण दुसऱ्या पानावर ‘दिवाळीत विचारलं, तेव्हाही तो हसला’ हे एक वाक्य तू लिहून पुढे पळालीस, मी तिथेच अडकले.

फेसबुकचं म्हणशील, तर आत्ता नको. नाव बदलून काही होत नाही, तुमच्या कॉलेजच्या ग्रुपला पहिल्या ओळीत कळेल. त्याच्या वडिलांच्या दारूबद्दल तू जे पान लिहिलंयस ते त्याने तुला रात्री दोनला विश्वासाने सांगितलेलं आहे. ते तुझं नाही, कधीच छापायचं नाही, तो कितीही वाईट वागला असला तरी. बाकीचं काही महिन्यांनी बघू. तेव्हा स्वतःला एकच विचार: पोस्ट टाकल्यावर मी कोणाच्या लाइकची वाट बघेन? त्याचंच नाव आलं, तर ते अजून त्याला लिहिलेलं पत्रच आहे आणि पत्र वहीत राहू दे. मुलींना उपयोग वगैरे नंतर. (स्वतःची जखम समाजसेवेला लावायची आपल्याला फार घाई असते, मलाही होती.)

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. रात्रीचं लिहिणं थांबवूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तिथे सल्लागार असतात, माझ्यासारखी पत्र वाचून तर्क करणारी बाई नसते.

आणि एक राहिलंच. तुझी गोष्ट फलाटावर संपते. पण तिकीट तर काढलेलं होतं ना? मग तू त्या बसमध्ये चढलीस की नाही? शेजारी कोण बसलं होतं? नारायणगावला बस थांबली तेव्हा खाली उतरलीस का, चहा घेतलास का, घरी दार कोणी उघडलं आणि तू त्यांना काय सांगितलंस? दोन वह्यांमध्ये हे आहे का, मला माहीत नाही. सात पानांत नाही. या रविवारी चाकणच्या पुढून सुरुवात कर.

– तुझी ताई