वारं पडलं की दोर सोडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

धरणावरच्या लाँचवर कामाला लागलास, बरं वाटलं. तू विचारतोस, वादळ उठलं तर वेगाची मर्यादा पाळायची की रेस वाढवून काठ गाठायचा? जोरात पळालं की माणसं वाचतात, असं तू धरून चालला आहेस. घोळ तिथेच आहे.

समुद्रातल्या वाहतुकीचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम धरणावरच्या माणसानंही वाचावेत. सहावा नियम सुरक्षित वेगाचा, पण त्यात आकडा एकही नाही. समोर किती दिसतं, वारा-लाटा कशा आहेत, बोट किती अंतरात थांबते, हे बघून वेग ठरवायचा. आणि दुसऱ्या नियमात, धोका अगदी अंगावर आला तर नियम सोडायचीही मुभा आहे. पाटीवरच्या आकड्याच्या वर जायचं नाही, हे खरं. पण तो गाठलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

लाट समोरून घेताना रेस कमी कर, पण सुकाणू ऐकेनासं होईल इतकी नको. लाँच लाटेला आडवी झाली की उलटायला दोन लाटा पुरतात. नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, लाटेला जराशी तिरकी ठेव. वारा पाठीशी असेल तेव्हा जास्त जप. लाटेबरोबर पळताना मागची बाजू उचलली जाते, सुकाणू पाणी सोडतं आणि लाँच गर्रकन फिरते. काठ समोर दिसत असतो ना, म्हणून हा मोह भल्याभल्यांना होतो.

21 मे 2024 ची संध्याकाळ आठव. उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट सुसाट वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा गेले. वळवाच्या ढगाखालचं गार वारं पावसाच्या आधी येतं. म्हणून 'थेंब आले की वळू' हा हिशेबच खोटा. दिवसभर उकडलंय, एका अंगाला काळं भरलंय आणि वारं एकदम पडलंय. पाणी तेलासारखं गुळगुळीत. लोक म्हणतील, आत्ता शांत आहे, काढा पटकन. नेमकं तेव्हाच धक्क्याचा दोर सोडायचा नाही.

मी एकदा अख्खं वऱ्हाड पाऊण तास धक्क्यावर बसवून ठेवलं. नवरदेवाच्या मामानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वादळ त्या दिवशी आलंच नाही, हेही सांगून ठेवतो.

पाणी उडायला लागलं की प्रवासी एका बाजूला सरकतात आणि ताडपत्रीचे पडदे सोडतात. सुटलेला पडदा म्हणजे शीडच. त्यात वारा भरला की लाँच कलते, आणि उलटली तर माणसं आत अडकतात. पडदे वर बांधून ठेव, भिजले तर भिजू देत. उभं कुणी राहायचं नाही. मोटारसायकली दोरानं आवळ, नुसत्या स्टँडवर नकोत. जॅकेट धक्क्यावरच घालायला लाव. लाँच डोलायला लागल्यावर बकल लावायला हात स्थिर राहत नाहीत.

मालक खेपा मोजणारच. पहिली खेप रद्द करशील त्या दिवशी त्याला माझा नंबर दे. शिव्या खायची मला सवय आहे.

तुझा,
काका