पुण्याच्या पेठांमधल्या भुताखेतांच्या गोष्टी स्वतःच चालत ऐकायच्या असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात बहिणीबरोबर पुण्यात येताय, गाइड नकोय, कुणाच्या वेळेला बांधून घ्यायचं नाही. फोनवर गोष्टी घेऊन शनिवारवाडा आणि जुन्या पेठांमधून आपल्या आपण हिंडायचंय. वाट कोणती धरावी, ऐकायचं काय, आणि रात्री किती वाजता गेलं की अंगावर काटा येईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शनिवारवाडा रात्री ऐकू नका, उजेडात ऐका. संध्याकाळी आत सोडणं बंद होतं, हे एक कारण. पण ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. नारायणराव पेशव्यांचा खून रात्री झालाच नाही. ३० ऑगस्ट १७७३, भर दुपार, जेवणाखाण्याच्या सुमाराची वेळ, आणि वाड्यात गणपती बसलेले. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. 'अमावास्येच्या रात्री किंकाळी ऐकू येते' असं कोणी सांगतं, कोणी पौर्णिमा सांगतं. तिथी या दोन्हींतली नव्हती. माझं ठाम मत आहे की दुपारी घडलेली गोष्ट दुपारीच ऐकली तर जास्त भिववते. ऊन लखलखीत असतं, हिरवळीवर मुलं पळत असतात, आणि कानात कोणीतरी सांगत असतं की बरोबर अशाच उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अठरा वर्षांच्या पेशव्याला तोडलं.

तर दुपारी तीन-साडेतीनला दिल्ली दरवाज्यापाशी उभे राहा. दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे जवळ जाऊन बघा. ते हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला ठोकलेत, म्हणजे हत्तीने धडक दिली तर तोच जखमी व्हावा. हे सगळं बाहेरच्या शत्रूसाठी. खून करणारे गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्याच्याच नोकरीत होते, थकलेल्या पगाराचा गलका करत आत घुसले. ही पहिली गोष्ट दारातच लावा, आतमध्ये नको.

आत गेल्यावर बरेच जण हिरमुसतात, कारण वाडा उरलेलाच नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. तट, दरवाजे, वरचा नगारखाना आणि दगडी जोती एवढंच शिल्लक आहे. माझ्या मते फोनवरच्या गोष्टीसाठी याहून चांगली जागा पुण्यात नाही. समोर दालन असतं तर डोळे रंग, खांब, पाटी बघत बसले असते. इथे फक्त चौथरा, त्यावर खांबांच्या जागा, आणि बाकीचा वाडा आवाजाने उभा करायचा. एखाद्या जोत्याच्या कडेला बसा आणि त्या दिवसाचा क्रम ऐका. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले. काहीतरी शिजतंय याची कुणकुण लागली होती. सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं आणि हरिपंत आधी जेवायला गेले. इतिहासकारांनी नोंदवलेला हा तपशील मला त्या किंकाळीपेक्षा जास्त छळतो. मग गारदी आले, सुमेरसिंग पुढे. नारायणराव धावत नजरकैदेतल्या राघोबादादांकडे गेले, काकाला मिठी मारली. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला आणि त्यांच्याबरोबरच मारला गेला. त्या गदारोळात आणखी माणसं गेली, दासी गेल्या, एक गायही कापली गेली. 'काका, मला वाचवा' ही हाक प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, पण चाफाजीचं नाव फार थोड्यांना. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते नक्की यायला हवं.

इथे एक कळकळीची विनंती. नेटवर या गोष्टीची जी रेकॉर्डिंग्ज सापडतात त्यातल्या बऱ्याच जणांनी मागे किंकाळ्या, वटवाघळं आणि दार करकरण्याचे आवाज घातलेत. ती घेऊ नका. स्वतः करा, अवघड अजिबात नाही. प्रत्येक थांब्याला दोन ते तीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग, त्याहून लांब नको. घरातल्या वडीलधाऱ्या कुणाकडून वाचून घेता आलं तर उत्तमच. ज्यांच्या तोंडून लहानपणी भुताच्या गोष्टी ऐकल्या त्यांचा आवाज कोणत्याही इफेक्टपेक्षा वरचढ ठरतो. पंखा बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून रेकॉर्ड करा, म्हणजे घुमणार नाही. फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक आणि जागेचं नाव द्या, फोनमध्ये उतरवून ठेवा. जागेवर पोचताच आपोआप सुरू होणारी ॲप्स मोकळ्या रस्त्यावर ठीक चालतात. पेठेतल्या बोळात दोन्ही बाजूंना चार मजली इमारती असतात आणि लोकेशन शेजारच्या बोळात दाखवतं. मग खुन्या मुरलीधराच्या देवळाची गोष्ट तुम्हाला एखाद्या दूध डेअरीसमोर ऐकू येते. हाताने प्ले दाबलेलं बरं.

आणि रेकॉर्डिंगमध्ये एक शिस्त पाळा: आख्यायिका सांगताना 'असं सांगतात' म्हणा, नोंद सांगताना साल-तारीख म्हणा. दोन्ही ठेवा, एकमेकांत कालवू नका. राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'ध चा मा' केला, म्हणजे हुकमातलं 'धरावे' बदलून 'मारावे' केलं, ही आख्यायिका आहे, ती आख्यायिका म्हणून जरूर सांगा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ते त्याच्या शेजारी ठेवा. ऐकणाऱ्याला कुठे पाय भक्कम जमिनीवर आहे आणि कुठे नाही हे कळलं की भीती वाढते, कमी होत नाही.

वाड्यातून निघण्याआधी सवाई माधवराव. बापाच्या खुनानंतर जन्मलेला मुलगा, १८ एप्रिल १७७४, पुरंदरावर. १७९५ च्या ऑक्टोबरात ते याच वाड्यात वरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. तापाच्या भरात पडले की उडी घेतली, यावर अजून वाद घालतात. याची भुताची गोष्ट कोणी सांगत नाही, सगळं लक्ष नारायणरावांनी खाल्लंय. मला वाटतं भुतं ज्याची हाक लक्षात राहते त्याचीच होतात.

मग नारायण दरवाजा, मागच्या अंगाचा. त्यांचा देह याच दारातून बाहेर नेला म्हणून हे नाव, असं सांगतात. थांबा छोटा ठेवा.

आता ऊन उतरलेलं असेल. चालत ओंकारेश्वराकडे या, दहा-बारा मिनिटं. देऊळ नदीकाठी, आणि शेजारी फार काळ शहराचं स्मशान होतं. चिमाजी अप्पांची समाधी इथेच. वसई जिंकून दीडेक वर्षात, डिसेंबर १७४० मध्ये ते वारले आणि त्यांची पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. या जागेवर भुतं दिसल्याचे किस्से पुष्कळ, पण मी इथे एकच गोष्ट लावते आणि ती भुताची नाही. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हे देऊळही बुडालं. पुणेकरांच्या घरात आजही पाण्याच्या, न सापडलेल्या माणसांच्या गोष्टी निघतात त्या त्या दिवसाच्या. दिवेलागणीला घाटाच्या बाजूला उभं राहून ऐका. पात्रात तेव्हा किती पाणी असेल याचा अंदाज करायला तुमचं मन आपोआप लागतं. ओल्या पायऱ्यांवर मात्र उतरू नका, फोन बघत तर मुळीच नाही.

तिथून सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधरापर्यंत अर्धा तास चालायचंय, वाटेत कुठेतरी थांबून भुयाराची गोष्ट ऐका. शनिवारवाड्यातून पर्वतीला भुयार आहे, पेशवे त्यातून घोड्यावरून जात, हे तुम्हाला दर दुसरा पुणेकर सांगेल. त्यामागे काय असावं याचा माझा अंदाज: नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालच्या दगडी नळातून. तो नळ माणूस आत चालू शकेल एवढा मोठा, आणि वाटेवर हवा खेळावी म्हणून बांधलेले उच्छ्वास. कुठे पाया खणताना असा अंधारा बांधीव बोगदा लागला की लोक भुयारच म्हणणार. पाण्याची गोष्ट भुयाराच्या गोष्टीला मारत नाही असं मला वाटतं. पायाखालून अंधारात पाणी वाहतंय ही कल्पना पुरेशी गूढ आहे.

खुन्या मुरलीधर बघाल तेव्हा आधी मूर्ती शांतपणे बघा. पांढऱ्या दगडाचा मुरलीधर, इतका देखणा की नावाचा आणि त्याचा मेळ बसत नाही. सावकार गद्रे यांनी १७९७ च्या सुमारास देऊळ बांधलं. सांगतात असं की मूर्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता, म्हणून गद्र्यांनी घाईने प्रतिष्ठा उरकायला घेतली. पहाऱ्यावरचे अरब आणि चालून आलेले शिपाई यांच्यात देवळापाशीच कापाकापी झाली, आणि देवाला खुन्या नाव चिकटलं. पुढे १८९९ मध्ये चापेकरांच्या प्रकरणात, त्यांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंचा खून याच पेठेत झाला. काही जण त्या खुनाशी नाव जोडतात, पण नावाची कथा त्याच्याआधीची आहे. हे देऊळ नांदतं आहे, आरतीची वेळ असेल तर इअरफोन काढून आत जा, गोष्ट बाहेर येऊन ऐका.

पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं. पूर्वेकडच्या पेठा दुसऱ्या संध्याकाळी घ्या, एकाच रात्रीत दोन्ही केलं तर पाय बोलतात आणि गोष्टी कानावरून जातात.

दुसऱ्या संध्याकाळची सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड्या गणपतीपासून. अठराव्या शतकाच्या मध्यावर भीमगिरजी गोसावी यांनी बांधलेलं देऊळ. तीन सोंडांचा गणपती, मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई कोरलेत, ते चुकवू नका. गाभाऱ्याखाली तळघर, त्यात गोसाव्यांची समाधी आणि बराच काळ पाणी. गुरुपौर्णिमेला ते उघडतात. बाकी दिवशी तुम्ही ज्या फरशीवर उभे आहात तिच्याखाली पाणी आणि समाधी आहे, एवढं सांगितलं की काम होतं. या थांब्याचं रेकॉर्डिंग मी सर्वांत छोटं ठेवीन.

मग डुल्या मारुती. पानिपतावर मराठे कापले जात होते तेव्हा इथे मूर्ती डुलू लागली, म्हणून डुल्या, असं सांगतात. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा सुमार, शहराला बातमी कळायला अजून कितीतरी दिवस. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत, त्याच जूनमध्ये पर्वतीवर गेले. पुण्यातली मला सर्वांत आवडणारी आख्यायिका हीच. हिच्यात कोणी कोणाला भिववत नाही. दूर मेलेल्या माणसांची चाहूल घरच्या देवाला आधी लागते.

शेवट गुरुवार पेठेत करा. तिचं जुनं नाव वेताळ पेठ, वेताळाच्या देवळावरून. वेताळ हा भुतांचा राजा आणि गावाचा राखणदारही, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये त्याला राक्षस करू नका. इथे मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मसमंध, चकवा अशी आपल्याकडची जातकुळी सांगून टाका. मुंज झालेला पण सोडमुंजीआधीच गेलेला पोर मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही कल्पना करणाऱ्या आईबापांना काय वाटत असेल, यावर माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वाक्यं आहेत आणि ऐकणारे तिथेच गप्प होतात.

एक गोष्ट वाटेवर ठेवू नका: १९७६-७७ चं पुण्यातलं खूनसत्र. बरेच जण ते रात्रीच्या फेरीत घालतात. त्या घरांतली नातेवाईक मंडळी हयात आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचा नारायणराव आणि परवापरवाचा मृत्यू एका माळेत ओवायचा नाही, एवढं पथ्य मी पाळते.

बारीकसारीक: एकाच कानात इअरफोन ठेवा, बाजीराव रोड आणि शिवाजी रोड ओलांडताना तोही काढा. गोष्ट थांबून ऐका, चालताना नको. जुन्या वाड्यांत माणसं राहतात, दारातून आत टॉर्च मारू नका, नऊनंतर बोळात आवाज खाली. गणपतीच्या दिवसांत हा बेत जमत नाही, डिसेंबर तुम्ही उत्तम निवडलाय: सहाला अंधारून येतं आणि हवा चालण्याजोगी असते. दोघी आहात तर एकच फाइल दोघींनी एकाच वेळी प्ले करा, बोटाने तीन-दोन-एक करून. नाहीतर एक जण खुनापाशी असते आणि दुसरी अजून दारातच. पहिल्या दिवसाच्या थांब्यांची मी लिहिलेली संहिता हवी असेल तर इथेच सांगा, खाली टाकते. तुमच्या आवाजात वाचताना वाक्यं हवी तशी बदला.