समोरच्याने इंडिकेटर दिला नाही, म्हणून...

‘मॅडम, माझा स्वभाव तसा शांत आहे. गाडीत बसलो की काय होतं, कळत नाही.’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की पुढचंही आता पाठ झालं आहे : ‘पण लोक चालवतातच तसं!’ बोलणाऱ्याचं वय, शिक्षण, नोकरी बदलते, तक्रारी त्याच राहतात. इंडिकेटर न देता लेन बदलणारे, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून हॉर्न बडवणारे, रात्री हेडलाइटचा अप्पर लावून समोरून येणारे, दोन लेनच्या मधली रेघ चाकांखाली धरून रमतगमत जाणारे, आणि ऐन वळणावर आठवण होऊन सगळा रस्ता आडवा कापणारे. पण या तक्रारी घेऊन म्हणून माझ्याकडे कुणीच येत नाही. कुणी येतं झोप लागत नाही म्हणून, कुणी रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी ‘जरा कुणाशी तरी बोला’ असं सुचवलं म्हणून. काहींना घरचे आणून बसवतात.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते गृहस्थ घरच्यांनी आणलेले. पन्नाशी गाठलेली, हिशेब तपासणीच्या कामात वरच्या पदावर, काम चोख. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतलं बोलणं इथे आटोपशीर केलं आहे.) त्यांच्या पत्नीने त्यांच्या गाडीत बसणं सोडलं होतं. ‘हे गाडी उत्तम चालवतात,’ त्या म्हणाल्या, ‘पण घरापासून उतरेपर्यंत मी फक्त शिव्या ऐकते. त्या मला नसतात, पण ऐकते मीच ना? त्यापेक्षा मी बसने जाते.’

निमित्त एका प्रसंगाचं झालं. एका गाडीने त्यांना कट मारला, आणि त्या गाडीला जाब विचारायचा म्हणून हे स्वतःचं वळण सोडून तिच्यामागे थेट पुढच्या सिग्नलपर्यंत गेले. काच खाली करून तावातावाने बोलले. समोरच्या तरुणाच्या कानात इअरफोन होते. त्याने वळूनही पाहिलं नाही, सिग्नल सुटला आणि तो निघून गेला. पत्नी शेजारीच होत्या. त्या दिवसानंतर त्या परत त्या सीटवर बसल्या नाहीत.

हा प्रसंग त्यांनी मला फार रंगवून सांगितला. तो तरुण कसा माजलेला होता, आईवडिलांनी वळण कसं लावलं नाही, अशांना परवाना देतं कोण, पैसा आला की माणूस कसा बदलतो. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, ‘आता हेच परत सांगा. पण तुमच्या गाडीच्या काचेवर कॅमेरा लावलेला आहे असं समजा. त्यात जे दिसेल तेवढंच.’

ते थांबले. मग म्हणाले, ‘बाजूच्या लेनमधून एक पांढरी गाडी माझ्यापुढे आली. तिने इंडिकेटर दिला नव्हता. मी ब्रेक लावला. ती पुढे गेली.’

‘आणि माज?’

‘तो कॅमेऱ्यात कसा दिसणार?’

‘आईवडील? पैसा?’

ते कसनुसं हसले. काम हिशेबाचं, त्यामुळे मुद्दा लगेच लक्षात आला. चार वाक्यांचा प्रसंग होता. बाकीचं सगळं प्रकरण त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आणि रक्तदाब वाढवणारा भाग तोच होता.

मी ज्या विचारधारेत काम करते, तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला घातला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपण त्या घटनेला लावलेला अर्थ उभा असतो. ऐकायला सोपं आहे, पण रागावलेल्या माणसाला हे पटवणं फार अवघड, कारण त्याच्या दृष्टीने राग थेट त्या पांढऱ्या गाडीतून आलेला असतो. म्हणून मी हे कधी समजावून सांगत बसत नाही. माणूस स्वतःच तिथे पोहोचेल असे प्रश्न विचारते.

दुसऱ्याच भेटीत त्या गृहस्थांनी विषयाला हात घातला. ‘मॅडम, म्हणजे चूक माझी? नियम तो मोडणार, आणि समुपदेशनाला मी यायचं?’

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्यावर ‘अहो, सोडून द्या’ म्हणणारे नातेवाईक त्यांच्या आगीत तेल ओततात. मी म्हटलं, ‘चूक त्याचीच. शंभर टक्के. तुमचं म्हणणं बरोबर आहे यात वादच नाही. मला एवढंच विचारायचंय, की बरोबर असण्यासाठी रक्तदाब वाढवावाच लागतो का?’

उत्तर आलं नाही. मग मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते, तो विचारला.

‘तुम्ही कधी बसने जाता?’

‘कधीतरी. गाडी सर्व्हिसिंगला दिली की.’

‘बसला कोणी कट मारतं?’

‘सर्रास.’

‘तेव्हा काय होतं तुम्हाला?’

‘काही नाही. मी मोबाइल बघत असतो.’

एवढं बोलून ते गप्प झाले. मीही गप्प राहिले. समुपदेशकाला बोलण्यापेक्षा न बोलणं जास्त यावं लागतं, आणि अशा क्षणी मध्ये तोंड घातलं तर महिन्याभराची मेहनत वाया जाते. ते बोटाने खुर्चीच्या हातावर रेघ ओढत राहिले. मग हळूहळू, जणू स्वतःशीच, म्हणाले, ‘रस्ता तोच. नियम तोच. मोडणारेही तेच. मग मला नियमाचा राग येतच नाहीये.’

‘मग कशाचा येतोय?’

‘माझ्यापुढे घुसल्याचा.’ थोड्या वेळाने : ‘मला त्याने मोजलंच नाही, याचा.’

समोरचा माणूस स्वतःच्या तोंडून हे बोलतो, तेव्हा माझं निम्मं काम झालेलं असतं. बसमध्ये असताना कट बसला, तर तो त्या बसला लागतो. स्वतःच्या गाडीत बसला, की तो मला लागतो. इंडिकेटर न देणारा माणूस आपल्या मनात ‘विसराळू’ किंवा ‘बेपर्वा’ एवढ्यावर थांबत नाही, तो ‘मला कस्पटासमान लेखणारा’ होतो. खरं तर त्याला आपण अस्तित्वात आहोत हेही माहीत नसतं. त्याने आपला अपमान केला म्हणायला आधी त्याने आपल्याला पाहायला तर हवं!

गाडीत हे जास्त होतं त्यालाही कारण आहे. जिन्यात कुणाचा धक्का लागला तर तो चेहऱ्याने तरी ‘चुकलं’ म्हणतो आणि आपण निवतो. गाड्यांना चेहरा नसतो. दिसते ती पाठ आणि नंबरप्लेट, आणि तिच्यावर आपण हवा तो माणूस रंगवून मोकळे होतो.

अजून एक अडथळा बाकी होता. ‘पण तो राग आपोआप येतो, माझ्या हातात नसतो,’ असं त्यांचं पालुपद होतं. मी विचारलं, ‘कट मारणारी गाडी पोलिसांची असती तर हॉर्न मारला असता?’ ते म्हणाले, ‘वेडा आहे का मी?’ याच प्रश्नाचा एक गमतीदार प्रयोग 1968 मध्ये अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी केला होता. सिग्नल हिरवा झाल्यावर एक गाडी मुद्दाम थांबवून ठेवायची आणि मागचे किती वेळात हॉर्न वाजवतात ते मोजायचं. पुढची गाडी जुनी, साधी असली तर 84 टक्के चालकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला. तीच गाडी नवी, महागडी असली की हे प्रमाण 50 टक्क्यांवर आलं. आपोआप येणारा राग पुढच्या गाडीची किंमत बघत नाही. कुठेतरी आपण ठरवत असतो, फार वेगात ठरवत असल्यामुळे ते कळत नाही इतकंच.

‘तुम्ही स्वतः कधी इंडिकेटर द्यायला विसरलात?’ हे मी बरंच नंतर विचारलं. पहिल्याच भेटीत विचारलं असतं तर ते उठून गेले असते.

‘क्वचित. आईला दवाखान्यात नेत होतो त्या दिवशी...’ आणि वाक्य अर्धं सोडून ते माझ्याकडे बघायला लागले.

आपण चुकलो की परिस्थिती कारणीभूत, दुसरा चुकला की स्वभाव. हा दुजाभाव सगळेच करतात, आणि त्याच्या जोडीला आणखी एक भ्रम असतो. स्वेन्सन या संशोधकांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या 93 टक्के सहभागींनी आपलं वाहन चालवण्याचं कौशल्य गटातल्या मधल्या माणसापेक्षा वरचं असल्याचं सांगितलं होतं, स्वीडनमधल्या गटात 69 टक्क्यांनी. मधल्यापेक्षा वर निम्मेच असू शकतात. तेव्हा ज्याच्यावर आपण ओरडतो आहोत, तोही त्याच्या गाडीत बसून लोकांना गाडी चालवता येत नाही म्हणून चडफडत असण्याची शक्यता दाट आहे.

आणि मग एक दिवस ते आले ते हसतच. ‘मॅडम, मला सापडलं. मी ऑफिसातून निघतो आणि रस्त्याचं ऑडिट सुरू करतो. कोण चुकलं, किती चुकलं, सगळी नोंद. पण मला नेमलंय कुणी? आणि अहवाल द्यायचाय कुणाला?’

हे मी सुचवलेलं नव्हतं. मी सांगितलेलं चार दिवस टिकतं, माणसाने स्वतःच्या धंद्यातून शोधलेलं कायम टिकतं. पुढच्या सगळ्या भेटींत आम्ही ऑडिट हाच शब्द वापरला. राग चढायला लागला की ते स्वतःला विचारायचे, ‘नेमणूकपत्र आहे का?’

असं झालं की राग संपतो का? नाही, आणि संपू नये. बेदरकार वाहन चालवण्याने माणसं मरतात, त्याचं वाईट वाटलंच पाहिजे. लोकांनी नीट चालवावं ही इच्छा अगदी रास्त आहे. घोटाळा तिचा हट्ट झाला की होतो. ‘नीट चालवलं तर बरं’ म्हणणारा माणूस वैतागतो आणि पुढे जातो. ‘माझ्या वाटेत कुणी चुकताच कामा नये’ म्हणणाऱ्याला रोज सकाळ-संध्याकाळ जग फसवतं.

आता थोडं व्यवहाराचं. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, म्हणजे हे अंतर 33 मीटरच्या आसपास होतं. ‘मग मध्ये कोणीतरी घुसतो!’ हो, घुसतो. तुम्ही परत दोन सेकंद मागे सरकता, म्हणजे तुमचं नुकसान दोन सेकंदांचं. दहा जण घुसले तर वीस सेकंद. हा हिशेब त्या गृहस्थांना इतका आवडला की त्यांनी तो घरी सगळ्यांना ऐकवला. आणि घुसणाऱ्याला डोळे वटारून बघण्यात जो एक सेकंद जातो, त्यात तुमची गाडी ते 17 मीटर तुमची नजर नसताना गेलेली असते, हेही धरा.

शेजारची लेन नेहमी वेगाने पळते, हाही बराचसा भास आहे. रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी आपण दाटीतल्या गाड्यांना झटपट मागे टाकतो आणि आपल्याला मात्र सुटसुटीत अंतराने, सावकाश मागे टाकलं जातं. त्यामुळे मागे पडण्यात वेळ जास्त जातो आणि तोच लक्षात राहतो. शिवाय मागे पडलेली गाडी दिसेनाशी होते, पुढे गेलेली डोळ्यांसमोर राहते.

मागे चिकटणाऱ्याला जागा मिळताच जाऊ द्या. ब्रेक मारून धडा शिकवायला जाऊ नका, धडक बसली तर ती तुमच्याच गाडीला बसेल. अप्परवाल्याला उलट अप्पर मारणं म्हणजे एकाऐवजी दोन आंधळे समोरासमोर आणणं. वेग कमी करा, नजर आपल्या बाजूच्या कडेच्या रेघेवर ठेवा. हॉर्न ‘मी इथे आहे’ एवढं सांगण्यासाठी आहे, मत नोंदवण्यासाठी नाही. आणि एखादा खरोखरच धोकादायक चालवत असेल, तर सुरक्षित जागी थांबून गाडीचा क्रमांक वाहतूक पोलिसांना कळवा. कळवलं की विषय तुमच्याकडून संपला, तो घरी जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही. ‘शिव्या दिल्या की बरं वाटतं’ यावर विश्वास ठेवू नका. राग बाहेर काढल्याने तो निवत नाही, बहुतेक वेळा आणखी पेटतो. शरीर आधीच तापलेलं असेल तर पुढच्या सिग्नलवरचा साधा हॉर्नही मग वर्मी लागतो.

त्यांच्या पत्नी आता परत शेजारी बसतात. ‘अजून पुटपुटतात,’ म्हणाल्या, ‘पण मागे कुणाच्या लागत नाहीत. आणि मी गाणी लावली तर ऐकू येतात.’ मला एवढा निकाल पुरतो.

शेजारी बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण मला जास्त विचारणा त्यांचीच होते. गाडी चालू असताना ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्या क्षणी त्यांना ते शत्रूपक्षाला मिळाल्यासारखं वाटतं. ‘बरोबर आहे तुमचं, त्याने बघायला हवं होतं’ असं म्हणून विषय बदला. खरं बोलणं घरी, दोघं निवांत असताना करा, आणि तेव्हा त्यांच्या स्वभावाबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोला : मला भीती वाटते, मी येणार नाही. मुलं मागे बसलेली असतील तर हे टाळू नका.

आणि ज्यांच्याकडे प्रकरण पाठलाग करणं, गाडी आडवी घालणं, उतरून हात उगारणं इथवर गेलं आहे, त्यांना एवढ्या वाचनाने भागणार नाही. त्यांनी प्रत्यक्ष एखाद्या समुपदेशकाला भेटावं, आणि ती भेट होईपर्यंत किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी.