वाचकांचे प्रश्न : मोटारीचे चाक किती मोठे, किती बाहेर?

प्रश्न : माझ्या हॅचबॅक मोटारीला कंपनीची १५ इंची पोलादी चाके असून त्यांवर १८५/६५ आर१५ मापाचे, ८८ भारांकाचे (टायर किती भार पेलतो त्याचा संकेतांक) टायर आहेत. रिमवर ५.५ जे आणि ईटी ४५ असे आकडे कोरलेले आहेत. मला मॅगव्हील (मिश्रधातूची चाके) बसवायची आहेत. दुकानदार ७ जे × १६, ईटी ३५ ही चाके आणि त्यांवर २०५/६० आर१६ टायर सुचवतो. त्यामुळे गाडी ‘भरलेली’ दिसेल, असे त्याचे म्हणणे आहे. हे माप कायद्यात बसते का? ऑफसेट म्हणजे नेमके काय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुकानदाराने सुचवलेला जोड घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्यासाचा हिशेब पाहू. १८५/६५ आर१५ या मापात १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर असते. अशा दोन भिंती आणि १५ इंचांची रिम मिळून पूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. हाच हिशेब २०५/६० आर१६ साठी केल्यास व्यास ६५२.४ मिलिमीटर येतो, म्हणजे जवळजवळ ५ टक्के अधिक. वेगमापकाचा मूळ काटा अचूक आहे असे धरले, तर तो ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने धावत असेल. कारखान्यातून येणारा काटा बहुधा थोडा जास्तच वेग दाखवतो, त्यामुळे यातील काही फरक झाकला जातो, हे खरे. परंतु काट्याने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, हे वेगमापकाच्या मानकाचे मूळ सूत्र आहे आणि या जोडामुळे तीच मर्यादा धोक्यात येते.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा कल्पावी. त्या रेषेपासून, चाकाचा जो पृष्ठभाग हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी आवळतात त्याला) टेकतो तिथपर्यंतचे मिलिमीटरमधील अंतर म्हणजे ऑफसेट, आणि रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे लिहिलेला आकडा तोच असतो. हबला टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन मानला जातो, आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींत तो तसाच असतो. आकडा जितका कमी, तितके चाक मडगार्डच्या बाहेर सरकते. मात्र केवळ ईटीची तुलना करून भागत नाही, कारण रिमची रुंदी बदलली की दोन्ही कडा हलतात, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते.

आपली मूळ रिम ५.५ जे, अर्थात ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर रुंद आहे. तिची निम्मी रुंदी ६९.८५. त्यातून ४५ वजा केले की बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून २४.८५ मिलिमीटरवर येते, आणि ४५ मिळवले की आतली कड ११४.८५ वर येते. ७ जे, ईटी ३५ या चाकाची निम्मी रुंदी ८८.९, म्हणून बाहेरची कड ५३.९ वर आणि आतली १२३.९ वर. अर्थात चाकाची कड बाहेर २९ मिलिमीटर आणि आत ९ मिलिमीटर सरकते. कागदावर ईटीमध्ये ‘फक्त दहाचा फरक’ दिसतो, तो प्रत्यक्षात एवढा होतो. टायरचे पोट कडेइतके सरकत नाही, तरी तेही २० ते २५ मिलिमीटर बाहेर येईल. गाडी पाच माणसांनी आणि सामानाने भरून घाटात वळली की टायर मडगार्डच्या कडेला घासण्याची दाट शक्यता राहते. शिवाय चाक हबपासून दूर गेल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि एखादे चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंगला झटका बसतो.

कायद्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. इतके मिलिमीटर चालतील असा सोपा आकडा कलम ५२ मध्ये दिलेला नाही. कसोटी आहे ती उत्पादकाच्या मूळ तपशिलाची. म्हणून सर्वांत भक्कम जागा एकच : आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी स्वतः जे माप देते ते घ्यावे. उदाहरणार्थ, बलेनोच्या खालच्या व्हेरिएंटना १८५/६५ आर१५ आणि वरच्यांना १९५/५५ आर१६ हे माप मिळत आले आहे. आपल्या गाडीचे पुस्तक आणि चालकाच्या दाराच्या चौकटीजवळील स्टिकर पाहावा.

१९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर, म्हणजे मूळ व्यासाएवढाच. तो ६ जे, ईटी ४५ रिमवर बसवल्यास दोन्ही कडा प्रत्येकी ६.३५ मिलिमीटर सरकतात, आणि एवढे सहसा निभावते. मात्र इथे एक बारीक खाच आहे, जिच्याकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही. या मापाचे अनेक टायर ८७ भारांकाचे असतात, म्हणजे प्रत्येकी ५४५ किलो. आपले सध्याचे ८८ चे टायर ५६० किलो पेलतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात ८७ मान्य नसेल तर याच मापात जादा भाराचा, ९१ भारांकाचा टायर मागून घ्यावा. टायर आणि रिम दोन्हींवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी.

भिंतीची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येईल, हेही लक्षात असू द्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ते १३ मिलिमीटर रबर फार मोलाचे असते. चाके घेतल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत त्यांची नोंद करून घ्यावी.

प्रश्न : मित्राच्या गाडीची मॅगव्हील माझ्या गाडीला बसतात, पण ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते. बॅलन्सिंग दोनदा केले. शिवाय चाके फार आत वाटतात, म्हणून १५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधल्या चकत्या) लावावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थरथर बहुधा चाकाच्या मधल्या भोकामुळे असावी. बाजारातील चाकांचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते, आणि हबवर ते नेमके न बसल्यास चाक केसभर बाजूला राहते. ते बॅलन्सिंगने सुटत नाही. हबचा आणि भोकाचा व्यास मोजून मधली रिंग बसवावी. नटांच्या वर्तुळाचे मापही (नटांची संख्या × वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास) तपासावे : ४ × ९८ चे चाक ४ × १०० च्या हबवर नट आवळून ‘बसवता’ येते, पण ते बसलेले नसते.

स्पेसर लावू नयेत. १५ मिलिमीटरचा स्पेसर ईटी तेवढ्यानेच कमी करतो आणि साध्या स्पेसरमुळे नटाला धरायला उरलेले आटेही कमी होतात.

आणखी एक : मॅगव्हीलचे नट पोलादी चाकावर नीट टेकतीलच असे नाही. स्टेपनी पोलादी असेल, तर मूळ नटांचा एक संच डिकीत जॅकशेजारी ठेवावा.