वाचकांचे प्रश्न : लेन्स कोणती घ्यावी आणि उभे कुठे राहावे?

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील एका गावी शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घेतला. त्यासोबत आलेली १८-५५ मि.मी. लेन्सच आजवर वापरतो. यंदा सीतादहीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत कापसाच्या हंगामाची एक चित्रकथा करावी, असे मनात आहे. एका लेन्सपुरते पैसे साठले आहेत. एक मित्र ५० मि.मी. एफ/१.८ घ्या म्हणतो, दुसरा ७०-३०० मि.मी. घ्या म्हणतो आणि दुकानदार दोन्ही घ्या म्हणतो. आपण काय सुचवाल?

उत्तर : दुकानदाराला त्याचे दुकान चालवायचे आहे, तेव्हा त्याचा सल्ला बाजूला ठेवू. मित्रांचे सल्ले चुकीचे नाहीत, पण ते त्यांच्या सवयीतून आलेले आहेत. लेन्स निवडण्याआधी, फोटो काढताना आपण कुठे उभे असू, हा प्रश्न सोडवावा लागतो. कारण लेन्सच्या मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितके चौकटीत कमी दृश्य मावते. म्हणून लेन्स बदलली की माणसापासूनचे आपले अंतर बदलते, आणि चेहऱ्याची ठेवण, मागच्या वावराचा आकार, इतकेच काय, समोरच्या बाईचे आपल्याकडे पाहणेसुद्धा त्या अंतरावर ठरते.

पहिले काम बिनपैशाचे आहे. गेल्या वर्षभराचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फाइलमध्ये तो फोटो किती मि.मी.वर काढला, याची नोंद असते. त्याप्रमाणे ते वेगळे करा. बहुतेक फोटो १८ ते २४ च्या आसपास निघाले, तर माणूस आणि त्याची जागा एकत्र पाहण्याचा तुमचा स्वभाव आहे. ५५ वरच गर्दी झाली असेल, तर एक तर तुम्हाला चेहरे आणि हात जवळून हवे असतात, किंवा जवळ जायचा संकोच वाटतो. संकोचावर लेन्स हे औषध नाही, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे.

आता थोडे गणित. शिक्षक आहात, त्यामुळे राग मानणार नाही. तुमच्यासारख्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीची, रुंदी साधारण २३ मि.मी. असते. तिला लेन्सच्या मि.मी.ने भागावे आणि विषयापासूनच्या अंतराने गुणावे, म्हणजे चौकटीच्या लांब बाजूत किती दृश्य मावेल ते निघते. तीन मीटरवरून ५० मि.मी.ची लेन्स सुमारे १.४ मीटर दाखवते, ३५ मि.मी.ची सुमारे २ मीटर. हा हिशेब पऱ्हाटीत नेऊन पाहा. साधारण तीन ओळी सोडून ओटी बांधलेली एक बाई कापूस वेचते आहे आणि तुम्ही कॅमेरा उभा धरला आहे. ५० मि.मी.मध्ये ती डोक्यापासून गुडघ्यापर्यंत येईल, ३५ मि.मी.मध्ये ती पायांसकट येईल, शिवाय वर थोडे आभाळ उरेल. ७०-३०० घेतलीत तर धुऱ्यावरून, वीस मीटरवरूनही तिने चौकट भरेल, पण इतक्या लांबून मागच्या सगळ्या ओळी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि चित्र रस्त्याने जाणाऱ्याने काढल्यासारखे होते. गोंदियाकडे सारस टिपायला जाणार असाल तर तीच लेन्स घ्या, कारण सारसाच्या जवळ आपण जाऊच नये. माणसांच्या कथेला ती क्वचितच लागते.

वावरात मागे सरकायला जागा तरी असते. खरी परीक्षा घरात होते. भाव येईपर्यंत निम्मी खोली कापसाने भरलेली, उरलेल्या जागेत खाट आणि धान्याच्या कोठ्या, आणि तुमच्या पाठीशी भिंत. दहा बाय बारा फुटांच्या अशा खोलीत ५० मि.मी. घेऊन उभे राहणे म्हणजे दाराच्या फटीतून लग्न पाहणे. मी ते एका गोठ्यात केलेले आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी टिपायला मी मोठ्या उमेदीने नवी कोरी ५० मि.मी. लावून गेलो. पाठ कुडाला टेकली, तरी चौकटीत एक तर बैलाचा खांदा आणि त्याला हळद-तूप चोळणारा हात मावत होता, किंवा ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाच्या कानाशी म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा मावत होता. दोन्ही एकत्र काही मावेनात, आणि सगळे तर त्या दोघांमध्येच चालले होते. घरी आलो तेव्हा माझ्याकडे हातांचे बारा फोटो होते, चेहऱ्याचे नऊ होते आणि आवतणाचा एकही नव्हता.

म्हणून माझे मत ३५ मि.मी.च्या, एफ/१.८ किंवा एफ/२ असलेल्या लेन्सला आहे (एफनंतरचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तुमच्या सेन्सरवर तिचा कोन फुल-फ्रेमवरच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या, ५० मि.मी.च्या जवळ जातो, आणि संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जात असताना, एका बल्बच्या उजेडात, तिचा मोठा उपयोग होतो. तुमची १८-५५ लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. जिथे एक दशांश सेकंद लागून हात हलतो, तिथे एक शतांशात काम होते. मात्र लेन्स उघडते म्हणून ती सतत उघडी ठेवू नका. दीड मीटरवरून एफ/१.८ वर जेमतेम तेरा सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. बाईचे डोळे स्पष्ट आणि काट्यावरचा आकडा धुरकट, असे झाले तर तिची दिवसभराची कमाईच चित्रातून गेली. अशा वेळी एफ/४ वर या, म्हणजे स्पष्ट पट्टा वाढेल, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा. त्याने चित्रात थोडे दाणे दिसले तर दिसू द्या.

जुनी लेन्स घेत असाल तर एक गोष्ट तपासा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, तिचा फोकस हातानेच करावा लागतो. आणि खरेदीपूर्वी आठ दिवस तुमच्या १८-५५ ची झूमची कडी ३५ वर ठेवून वर चिकटपट्टी लावा. शाळेच्या वाटेवर, बाजारात, घरी तेवढ्यावरच फोटो काढा. आठव्या दिवशी जीव घुसमटला नाही, तर लेन्स तुमची.

प्रश्न : मी पुसद तालुक्यात राहतो. पोळ्याचे साठ फोटो काढले. एकेक फोटो पाहून लोक छान म्हणतात, पण सगळे ओळीने लावले की दहाव्या फोटोनंतर मलाच कंटाळा येतो. चित्रांतून गोष्ट सांगायची म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले. साठांपैकी पन्नासांत सजवलेला बैल आहे, तो सुमारे चार मीटरवरून टिपला आहे आणि सावल्यांवरून सगळे फोटो दुपारी तीन ते पाचच्या दरम्यानचे दिसतात. थोडक्यात, एकच वाक्य तुम्ही पन्नास वेळा म्हटले आहे, आणि तेही तोरणाखाली एकाच जागी उभे राहून.

गोष्ट म्हटली की तिच्यात काहीतरी बदलावे लागते. सकाळी नदीवर धुतलेला बैल, दुपारी शिंगांना बेगड लावताना त्याने हिसडलेली मान, तोरणाखाली झडत्यांची गाणी चालली असताना मालकाने घट्ट धरलेला कासरा, रात्री दारात ओवाळताना त्याच्या डोळ्यांत पडलेला दिव्याचा ठिपका आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढणारे त्याच घरातले लेकरू : एवढ्यात एका घराचे दोन दिवस आणि मधली एक रात्र येते. यासाठी अख्खा गाव सोडून एक घर धरावे लागते. गावभर फिरून गावाचा पोळा टिपता येईल, असे सगळ्यांनाच सुरुवातीला वाटते. मलाही पाच-सहा वर्षे वाटत होते.

छायाचित्रांच्या कथेचा ज्याचा दाखला नेहमी दिला जातो, ते काम १९४८ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकात आले होते. डब्ल्यू. यूजीन स्मिथ हा छायाचित्रकार कोलोरॅडो राज्यातील क्रेमलिंग या लहानशा गावी २३ दिवस एका डॉक्टरसोबत राहिला. सुरुवातीला तर डॉक्टरला कॅमेऱ्याची सवय व्हावी म्हणून तो फिल्म न घालताच फोटो काढत होता. त्या कथेत आभाळ भरून आलेले असताना हातात बॅग घेऊन चाललेला डॉक्टर आहे, आणि बाळ-बाळंतीण दोघेही दगावल्यावर मध्यरात्री दवाखान्याच्या स्वयंपाकघरात हातात कप धरून टेकून उभा असलेला तोच डॉक्टरही आहे. पहिल्या चित्रात माणूस लहान आहे आणि आभाळ मोठे. दुसऱ्यात आपण त्याच्या अगदी पुढ्यात उभे असतो. हे अंतर त्याने २३ दिवसांत कमावले होते. तुम्हाला तर पुढच्या पोळ्यापर्यंत वर्ष पडले आहे. एखाद्या कास्तकाराच्या घरी आतापासूनच जाणे-येणे ठेवा, आणि पहिल्या दोन-चार खेपा कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

साठांतले आठ ठेवा. काढून टाकताना हात थरथरतो, हे मान्य आहे. एक फोटो काढून घेतल्यावर मागच्या-पुढच्या फोटोंचा अर्थ जराही बदलत नसेल, तर तो फोटो कितीही देखणा असला तरी तिथे त्याचे काम नाही.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. वेचणीच्या बायांचे फोटो काढायला गेले की त्या काम थांबवून ताठ उभ्या राहतात. सहजपणा कसा आणावा?

उत्तर : आधी त्यांच्या बाजूने पाहू. वेचणीची मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर असते. तुमच्यासाठी त्या पाच मिनिटे थांबल्या, तर ती पाच मिनिटे त्यांच्या मजुरीतून जातात. तेव्हा परवानगी सकाळी, काम सुरू होण्याआधी मागावी. दव सुकल्याशिवाय वेचणीला हात घालत नाहीत, त्यामुळे धुऱ्यावर शिदोऱ्या ठेवून होईपर्यंत थोडा वेळ मिळतो. नाही म्हणणारीचा फोटो काढू नये, लांबूनही नाही. हो म्हणतील त्यांना ताठ उभे राहून हवा असलेला एक फोटो आधी काढून द्या, आणि तो खरोखर नेऊन द्या. मग एक ओळ धरून त्यांच्यासोबत वेचत चला. अर्ध्या तासात त्या तुम्हाला विसरतात. तुमची ओटी किती रिकामी आहे यावर दोन वाक्ये ऐकावी लागतात, ती ऐकून घ्यावीत.

फोनचे वाईट वाटून घेऊ नका. त्याची मुख्य लेन्स चांगलीच रुंद असते, म्हणजे तुम्हाला हात-दीड हात अंतरापर्यंत जावेच लागते, आणि आताच सांगितलेली सगळी खटपट त्यासाठीच आहे. बोटांनी चित्र मोठे करण्याचा मोह तेवढा टाळा. फोनमध्ये लांबचे जवळ आणणारी वेगळी टेली लेन्स नसेल तर त्याने चित्र फक्त कापले जाते. शेजारच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण सांगतो. सेवाग्रामला गांधीजींचे फोटो काढण्याची मुभा त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी यांना मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम खर्च करणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही आणि तिला झूमही नाही. जवळ जायचे तर उठून चार पावले चालायचे, एवढाच मार्ग त्यांना मोकळा होता, आणि ते त्या आश्रमातच राहत असल्याने त्यांच्या चालण्याकडे कोणाचे लक्ष जात नसे.

प्रश्न : फोटोत कापूस पांढरा न येता राखेसारखा येतो आणि बायांचे चेहरे काळवंडतात. कॅमेऱ्यात दोष आहे का? (एक वाचक, आर्णी)

उत्तर : दोष नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे, असे धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. फुटलेल्या बोंडांनी चौकट भरली की तो सगळे काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करण्याची सोय, +०.७ ते +१ वर न्या. भर दुपारी मात्र अडचण उलटी असते : चेहरा रुमालाच्या सावलीत आणि कापूस उन्हात, दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. तेव्हा चेहऱ्यावर प्रकाश मोजा आणि कापसाचा थोडा तपशील गेला तर जाऊ द्या, किंवा सरळ चारनंतर या. तोवर गाठोडी बांधायला सुरुवात झालेली असते आणि ऊन बंडीच्या चाकांतून आडवे येते. कापूस उडत असताना लेन्स बदलू नका. तंतू सेन्सरवर बसलाच, तर रबरी फुग्याने उडवावा, तोंडाने फुंकू नये.