डुपेज आणि कुक: एकाच शिकागोतली वेगवेगळी बालपणं

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. अमेरिकेतल्या शिकागो महानगरात कुक, डुपेज, विल, लेक अशा काउंट्या एकमेकींना खेटून आहेत. गरीब घरात जन्मलेलं मूल मोठेपणी किती वर चढतं, हे या काउंट्यांमध्ये फार वेगवेगळं दिसतं, असं मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना आज उत्तरं देतो.

आम्ही दोघंही आयटीत आहोत. एजंट म्हणतो, मुलांच्या भवितव्यासाठी डुपेज देशात पहिलं. नेपरव्हिलचा काही भाग डुपेजमध्ये, काही विलमध्ये. डुपेजच्याच हद्दीत घर घ्यावं का? (नेपरव्हिल)

एजंटाने अर्धीच गोष्ट सांगितली. राज चेट्टी आणि नेथॅनियल हेंड्रन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली देशातल्या सर्वांत मोठ्या १०० काउंट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा डुपेज पहिली आली हे खरं. पण ती क्रमवारी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची होती. अशा मुलाचं डुपेजमधलं प्रत्येक वर्ष त्याचं मोठेपणीचं उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे ०.८ टक्क्याने वाढवतं. जन्मापासून २० वर्षं धरली तर १६ टक्के. शेजारची कुक त्याच यादीत तळाच्या काउंट्यांत होती.

तुमच्या घरात दोन चांगले पगार येतात. तो आकडा तुमच्या मुलाचा नाही. शिवाय नेपरव्हिलमध्ये शाळांचा डिस्ट्रिक्टसुद्धा काउंटीची हद्द पाळत नाही, तिथे एकच डिस्ट्रिक्ट दोन्हीकडे पसरलेला आहे. ऑफिस, शाळा आणि हप्ता बघून घर घ्या.

चांगल्या वस्तीत जाणारे आईबाप मुळातच जागरूक असतात. मग मुलं पुढे गेली ती जागेमुळे की आईबापांमुळे? (पुणे)

नेमका हाच प्रश्न सोडवण्यात संशोधकांची वर्षं गेली. त्यांनी करखात्याच्या नोंदींमधून घर बदललेली पन्नास लाखांहून अधिक कुटुंबं पाहिली आणि एकाच घरातली भावंडं ताडून पाहिली. समजा, घर बदललं तेव्हा थोरला १२ वर्षांचा होता आणि धाकटी ६ वर्षांची. आईबाप तेच, घरातलं वळण तेच. तरी नव्या जागेचा परिणाम धाकटीवर जास्त दिसला, कारण तिच्या वाट्याला तिथलं बालपण सहा वर्षांनी जास्त आलं. दोन ठिकाणच्या मुलांच्या मोठेपणीच्या कमाईतलं अंतर नव्या जागी घालवलेल्या दर वर्षामागे साधारण ४ टक्क्यांनी भरून निघतं.

दुसरा पुरावा आणखी भक्कम आहे. १९९४ ते १९९८ या काळात शिकागो, बोस्टन, बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या सरकारी चाळवजा वसाहतींतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची व्हाउचरं, म्हणजे घरभाड्यासाठी सरकारी मदत, दिली गेली. नाव चिठ्ठीत निघणं न निघणं, यात जागरूकतेचा संबंधच नाही. जी मुलं तेराच्या आत तिकडे गेली, त्यांची पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना मात्र फायदा झाला नाही. वयात येताना शाळा आणि सोबती सुटले, आणि पुढे नव्या जागेची वर्षंही थोडीच उरली.

मी ओक पार्कमध्ये राहते. आमचं गाव कुक काउंटीत आहे. म्हणजे माझ्या मुलांचं बालपण तळाच्या यादीत धरायचं का? (ओक पार्क)

नाही. या पत्राने मला फार बरं वाटलं, कारण काउंटीच्या सरासरीत काय बुडतं ते तुमच्या दारातच दिसतं. शिकागोत शिकत असताना मी ग्रीन लाइनच्या लोकलने लेक स्ट्रीटवरून जायचो. शिकागो आणि ओक पार्कच्या हद्दीवरचा ऑस्टिन बुलेव्हार्ड ओलांडला की खिडकीबाहेरचं सगळं बदलायचं. अलीकडे फळ्या ठोकलेली दुकानं, मोकळे पडलेले प्लॉट. पलीकडे झाडांची रांग, वाचनालय, सायकलींवरची पोरं. मध्ये एक रस्ता, आणि दोन्ही बाजू कुक काउंटीतल्याच.

२०१८ साली चेट्टींच्या गटाने जनगणना खात्याबरोबर जो नकाशा काढला, तो जवळजवळ मोहल्ल्याच्या पातळीवर जातो. सुमारे २ कोटी मुलांच्या नोंदींवर तो उभा आहे. मैलभर अंतरावर आकडे किती बदलतात, हे त्याने सर्वांत स्पष्ट दाखवलं.

ओक पार्क आपोआप असं झालेलं नाही. १९६८ साली गावाने घरं देताना वर्णभेदाला बंदी घालणारा नियम केला. १९७२ पासून तिथलं गृहनिर्माण केंद्र गोऱ्या आणि काळ्या भाडेकरूंना गावभर मिसळून राहायला उद्युक्त करत आलं. पण गाव कितीही चांगलं असलं तरी एक अंतर पुसलं जात नाही. देशातल्या ९९ टक्के मोहल्ल्यांत काळा मुलगा मोठेपणी तितक्याच उत्पन्नाच्या घरातल्या गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. हा आकडा मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी जड जातो.

आमच्या शहरात बँका आल्या, नोकऱ्या वाढल्या. तरी आम्ही यादीत शेवटचे का? (शार्लट)

नोकऱ्या शहरात आल्या म्हणून त्या तिथल्या गरीब पोरांना मिळतातच असं नाही. मोठ्या पगाराच्या खुर्च्यांवर बाहेरून आलेली माणसं बसली. चेट्टींच्या गटाच्या २०१४ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ५० मोठ्या महानगरांत नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट पन्नासावं होतं. उत्पन्नाच्या तळाच्या पाचव्या हिश्शातली ४.४ टक्के मुलं वरच्या पाचव्या हिश्शात पोहोचत होती, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत १२.९ टक्के. वस्त्यांची फाळणी, शाळांचा दर्जा, एकट्या पालकांच्या घरांचं प्रमाण, उत्पन्नातली दरी आणि शेजारपाजारचे संबंध, या गोष्टी या फरकाबरोबर चालताना दिसतात. २०२२ साली फेसबुकवरच्या मैत्र्या तपासल्यावर गरीब मुलांची सधन घरांतल्यांशी मैत्री किती, हा धागा सर्वांत ठळक निघाला.

आणि तुम्ही आता शेवटचे नाही. २०२४ च्या अभ्यासात शार्लट अडतिसाव्या क्रमांकावर आलं. ज्या वस्त्यांत मोठ्या माणसांच्या हाताला काम वाढलं, तिथल्या मुलांची कमाईही वाढली, असं त्या अभ्यासात दिसतं.

मुंबई उपनगर, ठाणे, पालघर अशी तुलना करता येईल का? (डोंबिवली)

उत्पन्नावरून नाही. आपल्याकडे आयकर विवरणपत्र भरणारेच थोडे, त्यामुळे करनोंदींवरून मुलांचं आणि आईबापांचं उत्पन्न जोडून पाहता येत नाही. म्हणून अशर, नोवोसाड आणि राफकिन या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या वडील आणि मुलगा यांच्या शिक्षणाची तुलना केली. देशभराचं चित्र कित्येक दशकांत फारसं हललेलं नाही. अनुसूचित जातींची मुलं पुढे सरकली, मुस्लिम मुलं मागे पडली.

व्हाउचर हातात असूनही कुटुंबं चांगल्या वस्तीत का जात नाहीत? त्यांना जायचंच नसतं का? (सिअ‍ॅटल)

तुमच्याच किंग काउंटीत याचं उत्तर मिळालं. तिथे काही कुटुंबांना व्हाउचरबरोबर एक माणूस दिला. त्याने घरं शोधून दिली, घरमालकाशी बोलणी केली, अनामत भरायला मदत मिळवून दिली, अर्ज कसा भरायचा तेही दाखवलं. अशी मदत न मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबं चांगल्या संधीच्या वस्तीत गेली. मदत मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. जायचं त्यांना आधीपासूनच होतं. घरमालकाचा फोन लागत नव्हता, अनामतीचे पैसे नव्हते, आणि व्हाउचरची मुदत संपत आलेली होती.