ऑनलाइन मागवलेली सायकल जोडून द्यायला दुकानदार ७०० रुपये मागतो. ही लूट नाही का? पुण्यात सायकल ऑनलाइन घ्यावी की दुकानातून?

लूट नाही. उलट कुणी शंभरात जोडून देतो म्हणाला, तर तिथून निघा. मी सायकलचंच दुकान चालवतो, तेव्हा बाजू कुणाची घेणार ते उघड आहे.

खोक्यावर '८५ टक्के जोडलेली' असं छापलेलं असतं. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, ब्रेक आणि पेडल येतात, म्हणजे पडलात तर ज्याच्यामुळे पडाल ते सगळं. घरी जोडून मग आमच्याकडे आणलेल्या सायकलींची दुखणीही ठरलेली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलवरचं एल-आर न बघता जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे, आटे जातात, मग क्रँकच बदला. पुढचं चाक धरणारा चिमटा खोक्यात फिरवून ठेवलेला असतो, तो तसाच राहतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा भाग) डावीकडे, चिमट्याच्या मागे दिसायला हवा. उजवीकडे पुढे दिसला, तर चिमटा उलटा आहे आणि वळताना पायाचा चवडा चाकाला घासणार.

हँडलचं तर विचारूच नका. वरचा बोल्ट करकचून आवळला की काम झालं असं वाटतं. तो फक्त हँडलखालच्या छर्‍यांचा खेळ काढतो; हँडल धरून ठेवतात ते स्टेमच्या (हँडल आणि चिमटा जोडणाऱ्या तुकड्याच्या) बाजूचे दोन बोल्ट. आधी वरचा बेताने, मग बाजूचे आलटूनपालटून, स्टेमवर छापलंय तेवढेच, बहुधा ५ न्यूटन-मीटर. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टकटक झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

खोकं आपटलं असेल तर मागचा हँगर, म्हणजे डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लटकतो तो तुकडा, आत वाकतो. सपाटीला कळत नाही. कात्रजच्या चढावर सगळ्यात हलका गियर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये. हे सगळं तपासून, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून द्यायला तास-दीड तास जातो.

'पाना फिरवायचे कसले पैसे?' हे काउंटरवर रोज ऐकायला मिळतं. एसीवाला नुसता बघून गेला तरी त्याला व्हिजिटिंग चार्ज मुकाट्याने देता ना? दुकानात येऊन फ्रेमचा साइज बघायचा, चक्कर मारायची, स्टिकरचा फोटो काढायचा आणि ऑर्डर फोनवरून. दुकानाचं भाडं आणि २६, २७.५, २९, ७००सी अशा सगळ्या ट्यूब ठेवण्याचा खर्च दुकानदाराने कशातून काढायचा?

बाकी दुकानदारही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुनीच किंमत सांगत असेल तर पक्कं बिल मागा. लहान मुलांची बिनगियरची सायकल खुशाल ऑनलाइन घ्या आणि घरी जोडा, फक्त १५ नंबरचा चांगला पाना आणा, खोक्यातला पत्र्याचा नको. गियरची असेल तर दुकानातूनच. महिन्याभरात नव्या केबल सैल पडतात, तेव्हा पुन्हा सेटिंग लागतं. ऑनलाइनच मागवलीत, तर ते जोडणीच्या ७०० मध्ये धरलंय का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.